पप्पांचा मासा मी गिळला

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. निदान चहाचा कप तरी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तेव्हा आमच्या क्लासमधल्या गणिताच्या मॅडमना असा ठसका लागला, की त्यांचा पुढचा तास मला घ्यावा लागला. माझं गणित कसं आहे, ते मुलांनी घरी जाऊन सांगितलंच.

तर ऐका. मी एक जिवंत मासा गिळलाय.

तळलेला नाही, रश्श्यातला नाही. शेपटी हलवणारा, गोल डोळ्यांनी माझ्याकडे बघणारा अख्खा मासा. तोही एका वैदूच्या हातून, रांगेत उभी राहून, भर दुपारी, शंभरेक माणसांच्या देखत.

हे एखाद्या भोळ्या माणसाचं झालं असतं तर मीच सगळ्यात आधी त्याला झापलं असतं. पण मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलंय. सिल्वासाच्या एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. कच्च्या माशातून माणसाच्या पोटात कोणकोणते जंत जातात, कुठं मुक्काम करतात, काय खातात, यावर मी पुस्तक न उघडता तासभर बोलू शकते. आणि खरं सांगायचं तर, त्या बोलण्यानंच घात केला. कसा, ते येईल पुढं.

आमचं घर सिल्वासाजवळच, सामरवरणीत. पप्पा लग्नाआधीच शहाद्याकडून इथं आले आणि धाग्याच्या कंपनीत लागले. ते ज्या खात्यात काम करायचे तिथं हवेत दिवसभर पांढरा भुरका उडत असतो. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं, पप्पांच्या कंपनीत बर्फ पडतो. शाळेत मी तसं सांगितलंही होतं, आणि बर्फ न पडणाऱ्या कंपन्यांतल्या बापांच्या मुली माझ्यावर जळायच्या.

गेल्या वर्षी मात्र तो भुरका पप्पांच्या छातीत उतरला. कंपनीची बस नाक्यावर सोडते, तिथून घर चालत सात-आठ मिनिटं. तेवढ्या रस्त्यात पप्पा दोनदा थांबायला लागले. थांबायचे आणि फोन कानाला लावायचे. "हां, बोला, बोला." एकदा मी क्लासवरून येताना मागून गाठलं आणि बघितलं, तर स्क्रीन काळी. फोन कुणाचाच नव्हता. माणूस श्वास घ्यायला खोटा फोन करत होता.

दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. कागदावर छातीचं काही लिहून आलं, की कंपनी उद्या घरी बसवेल. शिवाय डॉक्टर लोक तो तोंडात मारायचा पंप देतात आणि पंप एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही. हे दुसरं ज्ञान त्यांना त्यांच्या मोठ्या भावानं दिलेलं.

हे मोठे भाऊ म्हणजे आमचे आप्पा. मागच्याच गल्लीत राहतात. पप्पांच्याच कंपनीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांनी आमचं घर चालवायला घेतलंय. फ्रिज कुठं ठेवायचा, मी स्कूटी घ्यायची की नाही, मम्मीनं डाळ कधी भिजवायची, सगळं आप्पा ठरवतात. आप्पांनी "बस" म्हटलं की पप्पा अजूनही बसतात, वय वर्षं त्रेपन्न.

वैदू आप्पांनीच शोधून काढला. नदीच्या पलीकडे एका आमराईत हा म्हातारा वर्षातून एक दिवस बसतो. करंगळीएवढ्या जिवंत माशाच्या तोंडात औषधाची पिवळी गोळी कोंबतो आणि तो मासा दमेकऱ्याच्या घशात सोडतो. मासा वळवळत खाली जातो आणि जाताना सगळा कफ खरवडत नेतो, असं आप्पांचं म्हणणं. नळ तुंबला की आपण सळई घालतो ना, तसं.

मी म्हटलं, आप्पा, मासा जातो अन्ननलिकेत आणि कफ असतो श्वासनलिकेत. हे दोन वेगळे नळ आहेत.

"तू शिकलेली आहेस माय, तुझे दोन असतील," आप्पा म्हणाले. "आमच्या वेळी एकच होता."

आता सांगा, यावर माणसानं काय बोलावं?

पण मी बोलले. तीन आठवडे बोलले. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक चित्र टाकलं, लाल अक्षरांत. कच्च्या माशाच्या मांसात जंतांच्या अळ्या असू शकतात. त्यातला एक जंत माणसाच्या आतड्यात तीस फुटांपर्यंत वाढतो आणि वर्षानुवर्षं राहतो. दुसरा यकृताच्या नळ्यांमध्ये संसार थाटतो. तिसरा तर कातडीखालून फिरायला निघतो. लिंबानं मरत नाहीत, मिठानं मरत नाहीत, वैदूच्या पिवळ्या गोळीनं तर नाहीच नाही. मासा नीट शिजवल्यावर मात्र मरतात. खाली लक्षणं: पोटात कळ, मळमळ, थकवा, वजन उतरणं. प्रत्येक चित्राला आप्पा गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवायचे.

मम्मीनं एकदा घाबरून विचारलं, तीस फूट म्हणजे आपल्या खोलीएवढा का गं? मी म्हटलं, आपली खोली बारा फूट आहे मम्मी, त्याला अडीच खोल्या लागतील. काय समाधान वाटलं होतं मला ते सांगताना!

पप्पा? पप्पा आप्पांना "बरं" म्हणायचे आणि मलाही "बरं" म्हणायचे, आणि नाक्यावरून येताना दोनदा फोन लावायचे.

शेवटी तो रविवार आला. पप्पांची शिफ्ट तीनला सुटणार होती आणि वैदू बाराला बसणार होता. म्हणजे कुणीतरी रांगेत जागा धरायला हवी. आप्पांच्या गुडघ्यांना उभं राहणं जमत नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं, तेही जरा बिचकतच. मी लगेच हो म्हटलं. मम्मीनं लाटणं हातात धरून माझ्याकडे बघितलं. इतकी शहाणी मुलगी तिनं घरात पाहिली नव्हती.

अहो, माझा बेत वेगळाच होता. पप्पा यायच्या आत मी वैदूपर्यंत पोहोचणार, सगळ्यांसमोर त्याला चार प्रश्न विचारणार, त्याची बोबडी वळणार, आणि हे सगळं मोबाइलवर चित्रित होणार. मग आप्पा तो व्हिडिओ बघणार, खाली मान घालणार आणि पप्पांना म्हणणार, पोरगी बरोबर होती. मी तर आप्पांना माफ कसं करायचं, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. थोडं थांबून करायचं.

आमराईत बांबू बांधून रांगा केल्या होत्या. पुढं निळ्या टबांमध्ये मासे सळसळत होते. आप्पांनी पप्पांच्या नावाची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि स्वतः झाडाखाली खुर्ची मिळवून बसले. माझ्यामागं खडोलीला पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या एक मावशी उभ्या होत्या. चांगल्या मायाळू बाई. मी त्यांच्यापासूनच सुरुवात केली.

आधी हळू आवाजात. जंत, अळ्या, आतडं. मावशी मान हलवत ऐकत होत्या. पुढचे दोघं वळले, म्हणून आवाज वाढवला. मग पलीकडची रांग ऐकायला लागली, म्हणून आणखी वाढवला. मराठीत झालं की हिंदीत, हिंदीत झालं की माझ्या मोडक्या गुजरातीत. वर ऊन, सकाळपासून रागानं काही खाल्लेलं नाही, आणि सलग पाऊण तास भाषण. शेवटी शेवटी मी एक वाक्य बोलायचे आणि दोनदा श्वास घ्यायचे. तोंड लाल झालं होतं, हात छातीवर गेला होता.

आणि मग चमत्कार झाला. लोक बाजूला व्हायला लागले! कुणी माझा हात धरून मला पुढं केलं, कुणी "जाने दो, इनको जाने दो" म्हणालं. बांबूच्या वाटेत माझ्यासाठी रस्ता मोकळा होत गेला. माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, पटलं यांना. जनता जागी झाली आणि आता मला जाब विचारायला पुढं पाठवते आहे. मी मागं वळून मावशींच्या हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, काही झालं तरी चित्रण थांबवायचं नाही.

मावशींनी डोळ्याला पदर लावला होता. म्हटलं, बघा, भाषणाचा परिणाम.

तुमच्या लक्षात आलंच असेल. मी सोडून सगळ्यांच्या आलं होतं. लोकांच्या डोळ्यांपुढं एक विशीतली पोरगी धापा टाकत होती. वाक्य पुरं करायला तिला श्वास पुरत नव्हता. एवढ्या लहान वयात एवढा दमा! दयेनं सोडलं हो मला सगळ्यांनी पुढं. शंभरेक दमेकऱ्यांनी, स्वतः खोकत खोकत.

वैदू शांत म्हातारा होता. पांढरा सदरा, ओले हात. मी त्याच्या पुढ्यात उभी राहिले आणि पहिला प्रश्न टाकला. हे मासे कुणी तपासलेत का? त्यानं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली नाही, फाडली आणि टबात हात घातला. मी दुसरा प्रश्न टाकला. मी म्हटलं, मी पेशंट नाही, मला दमा नाही, मी विरोध करायला आलेय. बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या सुनेनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बीक ना राख, दीकरी," ती म्हणाली. "घाबरू नको. पहिल्या वेळी सगळे असंच म्हणतात."

"अहो मी घाबरले नाहीये!"

"हो हो, नाही घाबरली," असं म्हणत तिनं माझं डोकं मागून धरलं.

मी जेवढं नाही म्हणत होते, तेवढी रांग मला धीर देत होती. मग मी माझं सगळ्यात मोठं अस्त्र काढलं. त्या तीस फुटी जंताचं शास्त्रीय नाव. म्हटलं, नाव ऐकूनच म्हाताऱ्याच्या हातातला मासा पडेल. नाव आहे डायफायलोबोथ्रियम. आता तुम्ही एक करा, आरशासमोर उभं राहून हे नाव जोरात म्हणून बघा. 'डाय' म्हणताना तोंड केवढं उघडतं, बघा.

म्हाताऱ्यानं आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? उघडलेलं तोंड हेरायचं आणि तो क्षण साधायचा, एवढंच त्याचं शिक्षण. मी 'डाय' म्हणाले आणि 'फायलो' माशासकट आत गेलं.

गार, गुळगुळीत, आणि जिवंत. जिभेवर एकदा शेपटी आपटली. मग त्याचा तळवा हनुवटीखाली, दोन बोटं गळ्यावरून खाली. वासराला औषध पाजतात ना, तस्सं. मी गिळलं. माझ्या इच्छेविरुद्ध, माझ्या शिक्षणाविरुद्ध, गिळलं.

माझी बडबड बंद. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"बघा, धाप थांबली," मागून मावशींचा आवाज आला. त्या अजून चित्रण करत होत्या.

त्याच वेळी शिफ्ट संपवून, रिक्षातून उतरून, पांढऱ्या भुवयांचे पप्पा घाईघाईनं आत आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वैदूच्या ओल्या हाताकडे बघितलं. "जयू, तू?" एवढंच म्हणाले. वैदूच्या सुनेनं सांगितलं, एका चिठ्ठीला एकच मासा, आणि या चिठ्ठीचा देऊन झाला. आता पुढच्या वर्षी. आप्पा खुर्चीतून उठले ते रागानं लालबुंद. पप्पांनी मात्र मान खाली घातली. मला वाटलं वाईट वाटलं त्यांना. पुष्कळ दिवसांनी त्यांनी कबूल केलं, की शिफ्टभर ते देवाला एकच सांगत होते, काहीतरी कर पण तो मासा टळू दे.

घरी आल्यावर मम्मीनं काय केलं असेल? फोन काढला आणि माझेच मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. पोटात कळ येते का? मी म्हटलं, थोडी. मळमळ? खूप. थकवा? उभं राहवत नव्हतं मला. तीस फुटांचा मेसेज आला तेव्हा मम्मीनं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला एक भाकरी जास्त वाढली. दोघांना पुरायला नको का?

मी वरवर शांत होते. जंत वाढायला आठवडे लागतात, हे मी स्वतः मुलांना शिकवलंय. पण सोमवारी क्लासमध्ये फळ्यावर चपट्या कृमीची आकृती काढताना माझा खडू मोडला. मंगळवारी सकाळी मी शिलाईच्या टेपनं कंबर मोजताना सापडले. मग मात्र मी पप्पांसमोर बसून सरळ रडले. म्हटलं, मला डॉक्टरकडे न्या.

आणि पप्पांनी रजा टाकली. ज्या माणसानं स्वतःच्या तापात रजा टाकली नव्हती, त्यानं सुपरवायझरला फोन केला, खराखुरा, आणि सांगितलं, मुलीला बरं नाही, येत नाही.

आमच्याकडच्या डॉक्टरबाईंना सगळे गुजराती थाटात डॉक्टरबेन म्हणतात; त्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मी मरणाच्या भीतीनं दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. वरून बघते तर पप्पा मधल्या वळणावर थांबलेले, भिंतीला टेकून, फोन कानाला. "हां, बोला." तेवढा आवाज काढायलाही त्यांना श्वास पुरत नव्हता. वर पोहोचले तेव्हा ओठ निळसर दिसत होते.

आत गेल्यावर डॉक्टरबेननं माझ्याकडे बघितलंच नाही. पप्पांना खुर्ची ओढून दिली. मी म्हटलं, मॅडम, पेशंट मी आहे.

"तुमचंही बघू," त्या म्हणाल्या. "आधी यांना बसू दे."

मी धडाधड सगळं सांगितलं. आमराई, चिठ्ठी, 'डाय'. ऐकता ऐकता डॉक्टरबेन उठल्या आणि कपाटाकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी शोधत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. परत वळल्या तेव्हा चेहरा एकदम गंभीर. म्हणाल्या, जंताची शक्यता कमी आहे, शून्य नाही. आज तपासून काहीच दिसणार नाही. दीड महिन्यानं शौचाचा नमुना तपासू, काही निघालंच तर औषध साधं आहे. तोवर उगाच गोळ्या खायच्या नाहीत आणि कंबर मोजायची नाही. खरा धोका होता तो त्या क्षणीच, मासा श्वासनलिकेत अडकला असता तर. तो टळला.

मग त्यांनी विचारलं, मासा गिळून किती दिवस झाले? मी म्हटलं, दोन.

"आणि तुमचे वडील असे थांबत थांबत चालतात, त्याला किती झाले?"

वर्ष झालं होतं. त्या वर्षात मी लाल अक्षरांत किती चित्रं बनवली, आप्पांना किती वेळा खोडून काढलं. पण पप्पांचा हात धरून हे तीन मजले मी एकदाही चढले नव्हते.

डॉक्टरबेननं पप्पांच्या छातीला नळी लावली, एका यंत्रात जोरात फुंकायला लावलं, छातीचा एक्स-रे काढून आणायला सांगितला. मग पंपाचा डबा टेबलावर ठेवला. पप्पा खुर्चीत मागं सरकले. म्हणाले, ते नको, ते एकदा लागलं की सुटत नाही.

"काका, हा चष्मा तुम्हाला कधी लागला?"

"झाली दहा-बारा वर्षं."

"सुटला का?"

पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माझ्याकडे बघत विचारलं, ही दीड महिन्यानं तपासायला येईल ना? डॉक्टरबेन म्हणाल्या, तुम्ही घेऊन याल तर येईल. "मग द्या," पप्पा म्हणाले. "ती तिचं करेल, मी माझं करतो." आणि माझ्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आप्पांना न विचारता त्यांनी काहीतरी तोंडात घेतलं.

राहिला प्रश्न कंपनीचा. डॉक्टरबेननं लिहून दिलं, की यांना भुरक्यापासून लांबचं काम मिळावं. तो कागद पप्पांनी चार दिवस खिशात ठेवला. घडी घालून घालून तो फाटायला आला, तेव्हा एकदाचा सुपरवायझरसमोर ठेवला आणि घरी जायची तयारी ठेवून उभे राहिले. सुपरवायझरनं कागद वाचला, दार लोटलं आणि टेबलाचा खण उघडून दाखवला. आत तसाच पंप! म्हणाला, सांगायचं नाही का आधी, मी तीन वर्षं लपवून मारतोय. दोन आठवड्यांनी पप्पा पॅकिंगला गेले. भुरक्याच्या जुन्या खात्यात आता सगळ्यांना मास्क मिळतो, आणि तो खण बंद नसतो.

पप्पा हल्ली नाक्यापासून घरापर्यंत एका दमात येतात. बोलत येतात. फोन लावला तर पलीकडे खरंच कुणीतरी असतं.

आणि दीड महिन्यानं मी गेले. डबी कशी नेली, ते विचारू नका. अहवाल स्वच्छ आला. मी जिंकले, पप्पा जिंकले, विज्ञान जिंकलं. संपायला हवा ना किस्सा इथं?

पण आप्पा आहेत.

त्या दिवशी आमराईत मावशींकडून माझा मोबाइल आप्पांनी घेतला होता, आणि मी तोंड धुवायला गेले तेवढ्यात व्हिडिओ स्वतःला पाठवून ठेवला होता. त्यात काय दिसतं? एक पोरगी धापा टाकतेय, मासा आत जातो, पोरगी शांत. मी ज्याला उघडं पाडायला गेले, त्याची याहून चांगली जाहिरात त्याला पैसे मोजून मिळाली नसती. आप्पांनी तो सामरवरणीपासून डोकमर्डीपर्यंत सगळ्यांना पाठवला आणि खाली स्वतःचा शोध लिहिला: हे औषध इतकं जालीम आहे, की गिळलं मुलीनं आणि दमा गेला बापाचा.

मी ओरडले, आप्पा, पंपानं बरं वाटलं त्यांना. आप्पा म्हणाले, "पंप जगात सगळीकडे मिळतो माय. मासा गिळणारी पोरगी आमच्याकडेच आहे."

पुढच्याच आठवड्यात डोकमर्डीहून एक वहिनी घर विचारत आल्या. त्यांच्या सासूबाईंना दमा. पण सासूबाई माळकरी, मासा डोळ्यांसमोर आलेलाही चालत नाही. तर पुढच्या वर्षी सासूबाईंच्या वाटचा मासा मी गिळेन का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या. सोबत पेढे.

मी तोंड उघडलं. दोन नळ, अळ्या, आतडं, सगळं जिभेच्या टोकावर आलं. आणि मग मी ते मिटलं. व्याख्यानानं आजवर कुणाला गुण आलाय? मी म्हटलं, गिळीन की वहिनी. पण पप्पांचं कसं झालं, ते नीट ऐका. मासा मी गिळला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरबेनकडे नेलं. डॉक्टरशिवाय मासा अजिबात लागू पडत नाही, तेव्हा तुम्ही ते आधीच उरका. आणि पंप एक दिवसही चुकवायचा नाही, पथ्य आहे ते. वहिनींनी सगळं बोटांवर मोजून घेतलं आणि बुधवारी सासूबाईंना घेऊन गेल्या.

आता सासूबाई देवळाच्या पायऱ्या न थांबता चढतात. मग वहिनींनी त्यांच्या बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. तीन आठवड्यांच्या लाल अक्षरांनी एकही माणूस दवाखान्यात गेला नव्हता. आता डोकमर्डीपासून आमच्या गल्लीपर्यंत पाच जण जातात, वेळेवर पंप घेतात, आणि रस्त्यात भेटले की मला हात जोडतात.

फक्त एक अडचण झालीय. त्या पाचही जणांना मी मासा गिळायचा शब्द देऊन बसलेय, आणि आप्पा वैदूच्या घरी जाऊन पुढच्या वर्षासाठी माझ्या नावावर पाच मासे लिहून आलेत. रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली विचारतात: माय, एकदम घेशील, की एकेक करून?